फैजपूरला नाकारलेला कायदा अन् केळीची वॅगन

जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याच्या स्टेशनवर केळी भरायला लागलेला कुठलाही माणूस तुम्हाला राज्यघटनेची सातवी अनुसूची, म्हणजे कुठला विषय केंद्राचा अन् कुठला राज्याचा ही वाटणी, तोंडपाठ सांगेल, फक्त तिला हे नाव आहे ते त्याला माहीत नसतं. शेती राज्याची, रेल्वे केंद्राची, म्हणून बागेला पाटाचं पाणी नाही आलं तर मुंबईच्या नावाने बोंब आणि वॅगन नाही मिळाली की दिल्लीच्या. तापीमायचं तर विचारूच नका, पाणी हा राज्याचा विषय पण ती एमपीतून येते नि गुजरातेत जाते, मग तिथे परत केंद्र आलंच.

ही वाटणी 1950 ला कोरी पाटी घेऊन केली असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. इंग्रजांच्या 1919 च्या कायद्याने प्रांतातले विषय दोन ढिगांत टाकले, शाळा, दवाखाने, शेती आपल्या मंत्र्यांकडे आणि पोलीस, महसूल, तिजोरी गव्हर्नरकडे. म्हणजे खर्च तुम्ही करा, चावी आमच्या कमरेला! 1935 च्या कायद्याने प्रांतातला हा प्रकार काढला आणि तीन याद्या आणल्या, केंद्राची, प्रांतांची आणि दोघांची मिळून एक, पण गव्हर्नरचे खास अधिकार ठेवलेच.

आता गंमत बघा. डिसेंबर 1936 मधे काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन आपल्या फैजपूरला झालं, अध्यक्ष नेहरू, आणि तिथे हाच कायदा साफ नाकारून ठराव झाला की आमची घटना आमची घटना समितीच करेल. ती समिती बसली 9 डिसेंबर 1946 ला, आणि तिने तीन याद्यांचा सांगाडा उचलला तो त्याच नाकारलेल्या कायद्यातून. काही लोक याला ढोंग म्हणतात, मला नाही पटत, जुना वाडा पाडला तरी सागाचे खांब कोणी जाळत नाही. शिवाय कुठल्याच यादीत न बसणारे विषय आधी गव्हर्नर जनरलच्या मर्जीवर होते, ते आता संसदेकडे आले.

याद्या तिथेच थांबल्या नाहीत म्हणा. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने शिक्षण आणि जंगल राज्याच्या यादीतून सामायिक, म्हणजे दोघांच्या मिळून असलेल्या, यादीत गेले, आणि त्या यादीत भांडण झालं की सहसा केंद्राचाच कायदा चालतो. पुढे 1980 चा वनसंवर्धन कायदा आला, त्यामुळे सातपुड्यात जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला वळवायची तर राज्याची सही पुरत नाही, केंद्राची मंजुरी लागते.