देवगिरी (दौलताबाद)

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना सुमारे १५ किमी. अंतरावर, सपाट प्रदेशातून एकट्याच वर आलेल्या सुमारे २०० मीटर उंचीच्या डोंगरावर वसलेला मध्ययुगीन किल्ला. बाराव्या शतकाच्या अखेरीस यादव राजा पाचवा भिल्लम याने येथे आपली राजधानी वसवली.

बालेकिल्ल्याच्या डोंगराचा खालचा भाग भिंतीसारखा उभा तासलेला असून त्याच्या पायथ्याशी कातळातच खोल खंदक खोदलेला आहे. तो ओलांडल्यावर वर जाण्यासाठी ‘अंधारी’ नावाचा वळणावळणाचा भुयारी मार्ग लागतो. शत्रू आत शिरलाच, तर वरच्या तोंडाशी जाळ करून भुयार धुराने कोंडण्याची सोय येथे होती. आजही आत वटवाघळांचा उग्र दर्प येतो आणि पायरी दिसत नसल्याने भिंत चाचपत चढावे लागते. किल्ल्याची खरी ताकद येथे जशी कळते, तशी ती दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी कळत नाही.

एवढा बंदोबस्त असूनही किल्ल्याचा घात वारंवार केला तो उपासमारीने. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, तेव्हा रामचंद्रदेवाचे बरेचसे सैन्य बाहेर होते. घाईघाईने गडावर चढवलेल्या गोण्यांत धान्याऐवजी मीठ निघाले आणि राजाला शरण जावे लागले, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. १३१८ च्या सुमारास यादवसत्ता संपली. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवून गावाला दौलताबाद हे नाव दिले, मात्र तो प्रयोग टिकला नाही. पुढे किल्ला बहमनींकडे व निजामशाहीकडे गेला. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची हत्या १६२९ मध्ये येथेच झाली. १६३३ मध्ये मुघल सेनापती महाबतखानाने सुरुंग लावून बाहेरचे तट फोडले, तरी किल्ला हाती आला तो आतले धान्य संपल्यावरच.

संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी येथील किल्लेदार होते. त्यामुळे वारकऱ्यांच्या लेखी हे स्थान केवळ लढायांचे नाही.

आज वाडे व महाल बहुतांशी पडले आहेत. पंधराव्या शतकातील चांद मिनार मात्र उभा असून, गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला जेथे कैदेत ठेवले होते, त्या चिनी महालाच्या भिंतीवर निळ्या फरशांचे तुकडे अजून चिकटलेले दिसतात. मागील बाजूस मेंढ्याचे तोंड कोरलेली मेंढा तोफ बुरुजावर आहे. चढण दमवणारी असल्याने सकाळी लवकर निघावे आणि अंधारीसाठी विजेरी जवळ ठेवावी. वरच्या बारादरीतून अंबरकोट, महाकोट व कालाकोट हे तिन्ही तट एकात एक गुंफलेले दिसतात.