टायरवरचं ‘एम प्लस एस’ आलं कुठून?

मनालीच्या वरचा अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 रोजी खुला झाला आणि लाहौलचा हिवाळा मुंबईकरांच्या टप्प्यात आला. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे सहसा फक्त फोर-बाय-फोर (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) किंवा चाकांना चेन, म्हणजे साखळ्या, लावलेल्या गाड्या सोडतात. किती चाकांना ताकद जाते, एवढंच नाक्यावर बघितलं जातं. टायरची चौकशी बहुतेक होत नाही. केलीच, तर गाडीवाला टायरच्या कडेवरच्या ‘एम प्लस एस’ या अक्षरांवर बोट ठेवतो. सगळा घोळ या अक्षरांचाच आहे.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. बर्फातल्या चेनचं पेटंट अमेरिकेत 1904 साली निघालं. फिनलंडमध्ये 1934 ला ट्रकसाठी आणि दोन वर्षांनी मोटारींसाठी हिवाळी टायर आला. घरगुती मोटारीला चारचाकी ताकद मिळाली ती खूप नंतर, 1972 ला सुबारूच्या जपानी लिओन आणि 1980 ला ऑडीच्या जर्मन क्वाट्रो या गाड्यांमुळे. 1986 च्या एका गाजलेल्या जाहिरातीत क्वाट्रो फिनलंडमधल्या स्की-जंपच्या उतारावर वर चढत गेली. लोकांच्या डोक्यात राहिली ती चार चाकांची ताकद. त्या टायरांना खिळे होते, हे मात्र विसरलं गेलं.

चारही चाकं ओढत असली की गाडी चढावर जागची हलते. ब्रेक तर साध्या गाडीतही चारही चाकांना असतात, त्यामुळे थांबताना आणि वळताना या यंत्रणेचा जवळपास काही उपयोग नाही. तिथे टायरच लागतो.

आता अक्षरांकडे. एम म्हणजे मड, एस म्हणजे स्नो. ही खूण देण्यासाठी अमेरिकी टायर उद्योगाने ठरवलेली व्याख्या निव्वळ भूमितीची आहे. नक्षीत सुमारे 25 टक्के जागा मोकळी हवी. कडेपासून आत किमान 13 मिमी जाणाऱ्या, दीडेक मिमी रुंदीच्या खाचा 35 ते 90 अंशांच्या कोनात हव्यात. बर्फावर चाचणी नाही, रबर कोणतं याची अट नाही. खरी मेख रबरात आहे. सुमारे 7 अंशांखाली साधं रबर कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं आणि त्यातल्या शेकडो बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात, कारण बर्फाला बर्फच घट्ट पकडतो. मुंबईत विकला जाणारा एसयूव्हीचा बराचसा ऑल-टेरेन (कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांसाठीचा) टायर ‘एम प्लस एस’ असतो. तो चिखलात उत्तम चालतो. उणे पाच अंशांत मात्र त्या खुणेवरून काहीच कळत नाही.

म्हणून 1999 मध्ये उत्तर अमेरिकेत दुसरी खूण आली: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. इथे दाबलेल्या बर्फावर चाचणी होते आणि 100 गुणांच्या संदर्भ टायरच्या तुलनेत 110 गुण लागतात. पण ही चाचणी पुढे ओढण्याची आहे. कडक बर्फावर थांबण्याची नव्हे. म्हणजे चारचाकी ताकदीची फसगत इथेही थोडी शिरलीच. काचेसारख्या बर्फासाठी युरोपने 2021 पासून टायरच्या लेबलवर वेगळं चिन्ह दिलं.

जर्मनीने 2010 मध्ये हिवाळी रस्त्यांवर योग्य टायरची सक्ती केली, तेव्हा ‘एम प्लस एस’ चालत होतं. 1 जानेवारी 2018 नंतर बनलेल्या टायरना ते चालेनासं झालं आणि जुन्यांची मुदत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. इतका उशीर का लागला, याचं उत्तर आमच्या मते विक्रेत्यांच्या गोदामांत पडून असलेल्या जुन्या मालात सापडेल. कॅलिफोर्नियात हीच अक्षरं अजून ग्राह्य आहेत, पण तिथे चारही टायर तसे असावे लागतात आणि फोर-बाय-फोरलासुद्धा चेन गाडीत ठेवावीच लागते.

मुंबईचा टायरवाला हिवाळी टायर सहसा ठेवत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही. पस्तीस अंशांत ते मऊ रबर भराभर झिजेल. इथला व्यवहारी मार्ग चेनचाच. कायद्याने 1.6 मिमी खोल नक्षी चालते, पण बर्फात 4 मिमीखालचा टायर नेऊ नये. फक्त दोनच टायर नवे घालू नयेत: परिघात फरक पडला की ऑल-व्हील-ड्राइव्हचा (चारही चाकांना ताकद वाटणारा) क्लच सतत घसरत तापतो. चेन कोणत्या चाकांना, हे गाडीच्या पुस्तिकेत बघावं. फक्त पुढे लावली तर उतारावर मागची बाजू फिरते, फक्त मागे लावली तर वळणावर नाक सरळच जातं. शंभरेक मीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावी, वेग ताशी 30-40 च्या आत ठेवावा आणि मोकळं डांबर लागताच काढावी. हौसेने 18 इंची अलॉय आणि रुंद टायर बसवलेल्या गाडीत आतल्या बाजूला चेनला जागाच उरत नाही. सुटलेली कडी आधी एबीएसच्या सेन्सरची वायर तोडते, मग ब्रेकच्या नळीपर्यंत पोचते.