वाळूखाली किती खोल?

वेनस्कॉटची बीच लेन समुद्रापाशी येऊन संपते. डांबर संपतं, वाळूचा उंचवटा ओलांडला की समोर थेट अटलांटिक. या रस्त्याखालच्या केबलमधून समुद्रातल्या पवनचक्क्यांची १३२ मेगावॉट वीज गावात शिरते आणि तिची वर दिसणारी खूण म्हणजे रस्त्यात बसवलेली झाकणं. एवढ्यासाठी हे गाव काही वर्षं भांडत होतं.

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडचं जे लांब शेपूट समुद्रात गेलंय, त्याच्या टोकाकडे ईस्ट हॅम्प्टन हे नगर आहे. वेनस्कॉट ही त्यातली एक वस्ती. उन्हाळ्यात शहरातली पैसेवाली मंडळी इथल्या बंगल्यांत येतात, एसी आणि पोहण्याच्या तलावांचे पंप सुरू होतात आणि विजेची मागणी एकदम चढते. ही मागणी भागवण्यासाठी लाँग आयलंडच्या वीज प्राधिकरणाने जानेवारी २०१७ मध्ये समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कराराला मंजुरी दिली. प्रकल्पाचं नाव साउथ फोर्क विंड. लाँग आयलंडच्या अगदी पूर्वेकडच्या मॉन्टॉकच्या टोकापासून सुमारे ५५ किलोमीटरवर बारा पवनचक्क्या, प्रत्येकी ११ मेगावॉटची. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली वीज आली, मार्च २०२४ मध्ये प्रकल्प पूर्ण झाला.

खोल समुद्रातली परवानगी केंद्र सरकारची. केबल किनाऱ्यावर कुठून चढणार, जमिनीखालून कशी जाणार हे तेव्हा ठरवत होता राज्याचा आयोग, आणि त्याच्यापुढे स्थानिक बांधकामाचे नियम चालत नव्हते. मग गावाच्या हाती काय उरतं? रस्ता आणि वाळू. रस्ता नगराच्या मालकीचा. किनारा मात्र 'ट्रस्टी' नावाच्या निवडून आलेल्या मंडळाकडे, कारण तेव्हाच्या न्यूयॉर्क वसाहतीचे गव्हर्नर डाँगन यांनी १६८६ साली तशी सनद दिली होती. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या निधनाला सहा वर्षं झाली होती तेव्हाचा हा कागद, आणि एकविसाव्या शतकातल्या विजेच्या केबलला त्याच्यापुढे उभं राहावं लागलं! जानेवारी २०२१ मध्ये नगर आणि ट्रस्टी दोघांनी वाट दिली. त्या बदल्यात २५ वर्षांत मिळून सुमारे २.९ कोटी डॉलर ठरले. मार्चमध्ये राज्याच्या आयोगानेही मंजुरी दिली.

विरोध जोरदार होता. केबल पूर्वेकडच्या हिदर हिल्सच्या किनाऱ्यावर उतरवा, आमच्या गल्लीतून नको, असं वेनस्कॉटमधल्या अनेकांचं म्हणणं होतं. पैसेवाल्यांची कुरकुर म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. पण कुठल्याही गावात अशी केबल आली की जे प्रश्न निघतात, त्यांत काही फुसके असतात, काही खरे, आणि जो सगळ्यांत खरा असतो तो बऱ्याचदा सगळ्यांत कमी आवाजात विचारला जातो.

मोठ्या आवाजातला प्रश्न चुंबकीय क्षेत्राचा. समुद्रातली ही केबल मांडीएवढी जाड असते. ती आडवी कापली तर आत तीन गाभे दिसतात. प्रत्येकात मध्ये धातूची वाहक तार, तिच्याभोवती प्लास्टिकचं जाड रोधक आवरण, त्यावर पाणी शिरू नये म्हणून धातूचं वेष्टण. तिन्ही गाभे वेणीसारखे एकमेकांभोवती पिळलेले, मधल्या फटींत भराव, सगळ्यात बाहेर पोलादी तारांचं चिलखत. या वेणीतच उत्तर आहे. तिन्ही गाभ्यांतले प्रवाह एकामागोमाग एक अशा तालात चढतात-उतरतात की कोणत्याही क्षणी तिघांची बेरीज शून्य होते. त्यामुळे त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून काढतात आणि केबलपासून थोडं दूर गेलं की फारसं काही उरत नाही. जमिनीवर तीन तारा सुट्या होतात, तिथे खोडाखोड तितकी नेमकी नसते. न्यूयॉर्क राज्याने वीजवाहिन्यांच्या पट्ट्याच्या कडेला २०० मिलिगॉसची (मिलिगॉस हे चुंबकीय क्षेत्राचं माप) मर्यादा घातली आहे. पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र तिथे ५००च्या आसपास. (ही तुलना कंपन्यांना फार आवडते. पृथ्वीचं क्षेत्र स्थिर आहे, केबलचं सेकंदाला साठदा उलटसुलट होतं, हे त्या बहुधा सांगत नाहीत.)

माशांचं काय? पाकटासारख्या माशांना वीज आणि चुंबकत्व खरोखरच जाणवतं. लाँग आयलंड आणि कनेटिकट यांच्यामध्ये समुद्रातून एक डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची, केबल जाते. तिच्यावर जाळीचे पिंजरे ठेवून शास्त्रज्ञांनी पाकटाच्या एका भाईबंदाची आणि शेवंडीची वागणूक तपासली. माशांची हालचाल बदलली, ते जास्त हुंगत-शोधत फिरले, शेवंडीतही थोडा फरक दिसला, पण केबल कुणालाही भिंतीसारखी आडवी आली नाही.

पाण्याची भीती मात्र पोकळ नव्हती. वेनस्कॉटला लागून विमानतळ आहे. २०१७ मध्ये आसपासच्या खासगी विहिरींत पीएफएएस ही रसायनं सापडली. आग विझवायच्या फेसात ती असतात आणि वर्षानुवर्षं विघटन पावत नाहीत. नगराला घाईने नळाचं पाणी पोहोचवावं लागलं. अशा जमिनीत केबलसाठी सहा-सात किलोमीटर चर खणायचा, म्हणजे माती उकरली जाणार, पाणी लागलं तर उपसावं लागणार. ते कुठे टाकणार, हा प्रश्न कुणीही विचारेल. माती आणि भूजल तपासण्याच्या अटी परवानगीत आल्या त्या यामुळेच.

पण माझ्या मते किनाऱ्यावर उतरणाऱ्या केबलचा मुख्य प्रश्न एकच आहे: वाळूखाली किती खोल?

कोकणात वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. जूनमध्ये समुद्र खवळला की पुळण खचते, कधी माणूसभर उंचीचा कडा पडतो, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. दिवाळीच्या सुमारास तीच वाळू परत येते. लाँग आयलंडवर हेच हिवाळी वादळं करतात. २१ सप्टेंबर १९३८च्या चक्रीवादळाने तर याच किनाऱ्यावर, पश्चिमेला, वाळूचा बांध फोडून शिनेकॉक ही नवी खाडीच उघडली. ती आजही आहे. थोडक्यात, किनारा जागचा हलतो आणि केबल हलू शकत नाही.

याचा धडा शेजारच्या ब्लॉक आयलंडला मिळाला होता. रोड आयलंड राज्यातलं हे छोटं बेट डिझेल जनरेटरवर जगायचं. आपल्या घारापुरीसारखंच. घारापुरीला २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली तेव्हा कुठे जनरेटरची घरघर थांबली. ब्लॉक आयलंडला डिसेंबर २०१६ मध्ये पाच पवनचक्क्यांची ३० मेगावॉट वीज मिळू लागली. समुद्रातला अमेरिकेचा पहिला व्यावसायिक पवन प्रकल्प तो. केबल मात्र बेटावरच्या क्रेसंट बीच या पोहण्याच्या किनाऱ्यावर उथळ गाडली गेली. दोनेक वर्षांतच लाटांनी वरची वाळू ओढून नेली आणि केबल उघडी पडली. शेवटी २०२०-२१च्या हिवाळ्यात तिथे खोलवर छिद्र घेऊन नवी केबल ओवावी लागली. मुख्य भूमीकडे जाणाऱ्या केबलच्या या दुरुस्तीचाच खर्च सुमारे तीन कोटी डॉलर, आणि तो वीजग्राहकांच्या बिलांवर आला.

वेनस्कॉटला म्हणूनच किनारा न उकरता खालून जायचं ठरलं. आपल्याकडे रस्ता न फोडता, जमिनीखालून आडवं छिद्र पाडून फायबर टाकणारी एचडीडी मशीनं असतात, त्यांचंच हे मोठं भावंड. बीच लेनच्या टोकाशी यंत्र उभं करायचं, तिरपा बोगदा खाली न्यायचा, वाळूच्या किमान तीस फूट खालून जाऊन किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या पुढे समुद्रतळाशी बाहेर काढायचा. छिद्र ढासळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट मातीचा गारा खेळवतात. हा गारा एखाद्या फटीतून वर फुटला तर किनाऱ्यावर राखाडी चिखल येतो, त्यामुळे दाबावर सतत नजर ठेवावी लागते. मग पाइप ओढायचा, पाइपातून केबल ओढायची आणि रस्त्याखालच्या काँक्रीटच्या खोलीत समुद्री केबल जमिनीवरच्या तारांना जोडायची. काम उन्हाळा सोडून. एक तर तेव्हा गर्दी, आणि पायपिंग प्लोवर नावाचा इवलासा पक्षी वसंतापासून वाळूतच अंडी घालतो.

मग तीसच का, शंभर फूट का नको? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. प्रवाह वाहिला की तार तापते. आतल्या रोधकाला साधारण ९० अंश सेल्सियसपर्यंतच सोसतं. वर समुद्राचं गार पाणी जवळ असेल तर उष्णता पटकन निघून जाते, पण वर वाळू-मातीचा जाड थर असेल तर तो गोधडीचं काम करतो. जितकं खोल जाल तितकी गोधडी जाड. त्यामुळे पन्नास-शंभर किलोमीटरच्या केबलची क्षमता पुष्कळदा किनाऱ्याजवळचे हे काहीशे मीटरच ठरवतात. तिथे तार जाड घ्यावी लागते, नाहीतर प्रवाह कमी ठेवावा लागतो. गाव म्हणतं खोल घाला, अभियंता म्हणतो तापेल, आणि दोघेही बरोबर असतात.

ही गोधडी उपयोगीही पडते. केबलच्या आत काचेचे तंतू ओवलेले असतात. त्यांतून प्रकाशाचे स्पंद सोडून, परत येणाऱ्या क्षीण प्रकाशावरून कुठल्या ठिकाणी तापमान किती हे किनाऱ्यावर बसून वाचता येतं. दूर समुद्रतळावर केबल जेमतेम दीड मीटर खोल असते. एखाद्या वादळानंतर तिथला एक पट्टा, वीज तेवढीच वाहत असताना, आधीपेक्षा गार लागू लागला, तर पाणबुड्या पाठवण्याआधीच कळतं की तिथली वाळू गेली.