नकाशा चुकला म्हणे!

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी परगण्यात, कॅहरसायव्हीन नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम हजार-तेराशे. नदीच्या पुलाजवळ एक जुनं पोलीस ठाणं दिसतं आणि नवखा माणूस थबकतोच: गोल बुरूज, त्यांवर टोपीसारखी शंकूच्या आकाराची छपरं, परीकथेतला किल्ला म्हणावा असा थाट. एवढ्याशा गावात हे आलं कुठून?

गावकऱ्यांचं उत्तर ठरलेलं. लंडनच्या कचेरीत कागदांची सरमिसळ झाली, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या इमारतीसाठी काढलेला नकाशा केरीत आला आणि आयरिश ठाण्याचा तिकडे गेला.

गोष्ट झकास आहे, पण छपराकडे बघा. सरहद्दीकडच्या कोरड्या मुलखात धाब्याची सपाट छपरं चालतात. इथलं छप्पर उभ्या उताराचं आणि स्लेटचं आहे. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचाच दगड. त्याच्या पातळ चकत्या एकीवर एक चढवून बसवतात. दोन चकत्यांमधल्या फटीत पाणी केशाकर्षणाने वर चढतं, त्यात समुद्रावरचा वारा त्याला आणखी आत रेटतो. उतार जेवढा तीव्र, तेवढं त्या पाण्याला वर चढणं जड. शंकूवर तर प्रत्येक थर आधीच्यापेक्षा लहान घेराचा, म्हणून शेंड्याकडे जाताना चकत्या निमुळत्या कापाव्या लागतात. हा सगळा खटाटोप पावसासाठी. या गावाबाहेरच व्हॅलेंशिया वेधशाळा आहे (ती १८९२ मध्ये शेजारच्या बेटावरून इकडे आली). तिथे वर्षाला सुमारे १,५०० मिलिमीटर पाऊस मोजला जातो, आणि तो चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने झिरपत राहतो.

खरा नकाशाकार ठाऊक आहे: सरकारी बांधकाम खात्याचा वास्तुविशारद ईनॉक ट्रेव्हर ओवेन. जर्मन गढ्यांची ही शैली त्याच्या आवडीची. काम १८७० ते १८७५ या काळात झालं. ठाणं एवढं भक्कम का, याला कारणही सबळ होतं. १८६६ मध्ये व्हॅलेंशिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशी टिकाऊ तारायंत्राची केबल पडली होती, आणि १८६७ मध्ये याच भागात फेनियन बंडखोरांनी, म्हणजे आयर्लंड ब्रिटिश सत्तेतून सोडवू पाहणाऱ्यांनी, उठाव केला. तो फसला, पण सरकारची झोप उडाली.

बुरूज नुसते शोभेचे नव्हेत. सरळ भिंतीच्या पायथ्याशी कुणी चिकटून उभा राहिला, तर वरच्या खिडकीतून तो दिसत नाही. कोपऱ्यातून पुढे आलेल्या बुरुजातून मात्र भिंतीच्या लांबीभर नजर जाते आणि गोळीही. अरुंद जंग्या (गोळी झाडायची भोकं) बाहेरून फटीएवढ्या आणि आतून रुंद ठेवल्या, की आतल्या शिपायाला बंदूक डावी-उजवीकडे फिरवता येते आणि बाहेरच्याला नेम धरायला जागा उरत नाही.

गंमत म्हणजे आयर्लंडहून हिंदुस्थानात खरोखरच काहीतरी गेलं होतं, पण तो इमारतीचा नकाशा नव्हता. १८४३ मध्ये सिंध जिंकणाऱ्या ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने तिथे जे पोलीस दल उभारलं, ते आयरिश सशस्त्र पोलिसांच्या धर्तीवर. पुढे १८५३ मध्ये मुंबई इलाख्यानेही तोच नमुना घेतला. हे मला त्या अदलाबदलीच्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक वाटतं, पण पर्यटकांना सांगायला ते रुक्ष पडत असावं.

१९२२ च्या आयरिश यादवी युद्धात, ब्रिटनशी झालेला करार न मानणाऱ्या सैनिकांनी ठाणं पेटवलं. लाकडी मजले आणि छप्पर गेलं, दगडी भिंती राहिल्या. दगड जळत नाही हे खरं, तरी आगीतून तो सुखरूप सुटतो असं नाही. लोहयुक्त वालुकाश्म तापला की लालसर पडतो. त्यातलं क्वार्ट्ज ५७३ अंश सेल्सिअसला एकदम फुगतं आणि दगडाला बारीक तडे जातात. मग छप्पर नसलेल्या भिंतीत पाऊस वरूनच शिरतो आणि सांध्यांतला चुना हळूहळू धुऊन नेतो. कॅहरसायव्हीनच्या या भिंती अशा उघड्यावर सत्तरेक वर्षं उभ्या होत्या. १९९० च्या दशकात गावाने त्यांवर पुन्हा छप्पर चढवलं. आता तिथे वारसा केंद्र आहे, आणि नकाशांची अदलाबदल अजूनही सांगितली जाते.