काठी चालते, माणूस का चालत नाही? अपंग व्यक्तीच्या सहायकाच्या कामाची पार्श्वभूमी

अपंग व्यक्तीच्या मदतीला येणाऱ्या माणसाला मराठीत एक ठरलेले नाव नाही. मदतनीस, परिचारक, काळजीवाहक, केअरटेकर, सहायक हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. परिचारक रुग्णाच्या उशाशी असतो, काळजीवाहक सांभाळतो, सहायक मात्र दुसऱ्याच्या कामात हात देतो. काम कुणाचे, हे त्या शब्दातच ठरलेले असते. म्हणून इथे सहायक.

अपंगांच्या मोठ्या निवासी संस्थांचा काळ थोडक्यात आटोपता येतो. एका कर्मचाऱ्याकडे अनेक जण, आंघोळ-जेवण-झोप घड्याळावर, आणि बटण लावायला दहा मिनिटे घेणाऱ्यासाठी थांबायला कुणालाच सवड नाही. बटण कर्मचारीच लावून टाकी. आपण काही केले वा न केले तरी फरक पडत नाही, हे कसे शिकले जाते, याची प्रयोगशाळेतली मांडणी १९६७ मध्ये झाली. ते प्रयोग कुत्र्यांवरचे होते, त्यामुळे माणसांना ते जसेच्या तसे लावू नयेत. तरी संस्थांतून बाहेर आलेल्यांबरोबर काम करणाऱ्यांना त्यात ओळखीचे काहीतरी दिसले.

घोळ सुरू झाला तो ‘स्वतंत्र’ या शब्दाच्या मोजणीतून. रुग्ण रोजची कामे किती स्वतः करतो हे मोजणाऱ्या, १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजपट्टीत दहा बाबी होत्या: जेवण, आंघोळ, दात-केस आवरणे, कपडे, शौचावरचा ताबा, लघवीवरचा ताबा, शौचालयाचा वापर, खाटेवरून खुर्चीत जाणे, चालणे आणि जिना. गुण पाचाच्या टप्प्याने, एकूण १००. वापराच्या नियमांत एक वाक्य असे की, साधन वापरले तरी व्यक्ती स्वतंत्रच धरावी. दुसरे असे की, शेजारी नुसते लक्ष ठेवायला कुणी लागत असेल तर ती स्वतंत्र नाही. म्हणजे काठी चालते, माणूस चालत नाही. १९८० च्या दशकात आलेल्या १ ते ७ श्रेणींच्या मोजणीने हीच रेघ आणखी ठळक केली: साधनाशिवाय जमले तर ७, साधनासह ६, आणि नुसती देखरेख लागली की ५.

रुग्णालयापुरते हे गैर नव्हते. घरी सोडताना दुसऱ्या माणसाचे किती श्रम लागतील, एवढेच तिथे जाणून घ्यायचे होते. पण मोजपट्टी रुग्णालयाबाहेर पडली आणि श्रमाचा अंदाज हा माणसाच्या स्वातंत्र्याचा निकाल होऊन बसला. मराठीत ‘स्वावलंबन’ शब्दाने त्यात भर घातली, कारण त्यात स्वतःच्या हाताने करणे एवढेच ऐकू येते.

याविरुद्धची मांडणी सहायकांकडून आली नाही, अपंग विद्यार्थ्यांकडून आली. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे पोलिओ किंवा अपघातामुळे हातपाय न हलवू शकणारे काही विद्यार्थी विद्यापीठाच्या दवाखान्याच्या इमारतीत राहत होते. आपले सहायक ते स्वतः निवडत, स्वतः शिकवत, आणि न पटल्यास कामावरून काढतही. त्याच गटातून १९७२ मध्ये अपंगांनीच चालवलेले स्वतंत्र जीवन केंद्र उभे राहिले. त्या चळवळीतला नेहमीचा दाखला असा: मदतीने १५ मिनिटांत तयार होऊन कामावर जाणारा माणूस जास्त स्वतंत्र, की दोन तास एकट्याने कपडे घालून दमून घरीच बसणारा? जुन्या मोजपट्टीवर दुसऱ्याला जास्त गुण मिळतात.

दाखला बिनतोड आहे, पण तो आज्ञा देऊ शकणाऱ्याचा आहे. बोलणे मर्यादित असलेल्या किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीकडे ‘तूच मालक’ म्हणून सोडून दिले तर निर्णय गुपचूप सहायकाकडे सरकतो. तिथे उपयोगी पडली ती १९७० च्या दशकातलीच दुसरी धारा, पद्धतशीर शिकवण्याची. तीव्र बौद्धिक अपंगत्वाचा शिक्का बसलेल्या लोकांना त्या काळी सायकलच्या ब्रेकचे १५ सुटे भाग जोडायला शिकवून दाखवले गेले, तेही फारसे न बोलता.

त्या पद्धतीचा गाभा आजही तोच आहे. काम आधी स्वतः करून पाहायचे, पायऱ्या लिहायच्या. टी-शर्ट घालण्याच्याही सात-आठ होतात. बरेचदा शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात: सहायक बाकी सगळे करतो, शर्ट कमरेपर्यंत खाली ओढणे तेवढे त्या व्यक्तीचे. ते जमले की शेवटून दुसरी पायरी. फायदा असा की प्रत्येक वेळी काम तिच्याच हातून पूर्ण होते. एक बाजू कमजोर असेल तर कमजोर हात बाहीत आधी आणि काढताना शेवटी. हा क्रम चुकला तर खांदा ओढला जातो, आणि व्यक्ती दुखण्याला ‘मला जमत नाही’ समजते.

मदत काढून घेण्याचाही क्रम असतो: हातावर हात, मग मनगट, मग कोपर, मग नुसता जवळ धरलेला हात. सूचना देण्याआधी पाच सेकंद थांबायचे. पाच सेकंद फार वाटतात, म्हणूनच नवखा सहायक दुसऱ्या सेकंदाला बोलतो. बोललेली सूचना काढायला सगळ्यात अवघड जाते. पायरी येत असूनही माणूस प्रत्येक वेळी सहायकाच्या तोंडाकडे पाहून थांबतो. तसे दिसले तर समोरून हटून किंचित मागे उभे राहायचे आणि बोलण्याऐवजी पुढच्या वस्तूकडे बोट दाखवायचे. दुसरी नेहमीची फसगत म्हणजे एकाच सहायकाबरोबर, एकाच स्वयंपाकघरात शिकलेले काम दुसरीकडे न जमणे. म्हणून माणूस आणि जागा, दोन्ही मुद्दाम बदलून सराव घ्यावा लागतो.

बसच्या प्रवासात हाच क्रम अंतरावर मोजतात: आधी शेजारी बसायचे, मग दोन रांगा मागे, मग वेगळे जाऊन थेट उतरण्याच्या थांब्यावर भेटायचे. सगळे सुरळीत असलेल्या दिवशीचा सराव पुरत नाही. थांबा चुकला, बस आलीच नाही, फोन बंद पडला, हे तिन्ही सहायक सोबत असतानाच घडवून पाहावे लागते. जोखीम घेण्याचाही मान असतो, ही कल्पना १९७२ मधली. तिचा अर्थ मोकळे सोडून देणे असा काढणे चूक. अशा सरावाचे मोल आत्मविश्वासाबद्दलची १९७७ सालची मांडणी सांगते: स्वतः करून मिळालेले यश सर्वांत प्रभावी, दुसऱ्याचे बोल त्यापुढे कमजोर. सहायकांच्या तोंडी मात्र ‘शाब्बास’ फार, आणि तेही न केलेल्या कामाला.

पुढे पैशाचा मार्ग बदलला. स्वीडनमध्ये १९९४ पासून सहायकाचे तास हा कायदेशीर हक्क झाला. ब्रिटनमध्ये १९९७ पासून मदतीची रक्कम थेट व्यक्तीच्या हाती देण्याची मुभा मिळाली. अपंग व्यक्तींच्या हक्कांबाबतच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराच्या १९ व्या कलमाने कुठे आणि कुणाबरोबर राहायचे हे ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या कलमाच्या २०१७ मधल्या अधिकृत स्पष्टीकरणाने तर स्पष्टच म्हटले की, स्वतंत्र राहणे म्हणजे केवळ रोजची कामे स्वतःच्या हाताने करता येणे नव्हे.

कागदावर वाद तिथेच मिटला. मदतीचे तास मात्र अनेक ठिकाणी अजूनही कोणत्या कामाला किती माणूस लागतो यावरूनच ठरतात. त्यामुळे विचित्र कोंडी होते. सहायकाने चांगले शिकवले, नोंदीत ‘सूचनेशिवाय केले’ असे लिहिले, की पुढच्या आढाव्यात तास कमी. आणि ज्या तासांच्या जोरावर ती व्यक्ती बाहेर पडत होती तेच गेले. मग काही जण तपासणीच्या दिवशी मुद्दाम कमी करून दाखवतात. त्यांना दोष देणे सोपे आहे.

जाणते सहायक नोंद दोन रकान्यांत ठेवतात: ‘करू शकते’ आणि ‘रोज करते’. सोबत लागलेली मिनिटे आणि त्यानंतर उरलेली ताकद. कपडे एकटीने घातले, ९० मिनिटे, नंतर दुपारपर्यंत झोप, अशी ओळ आढावा घेणाऱ्यापुढे नुसत्या ‘स्वतंत्र’ या शब्दापेक्षा जास्त टिकते. गंमत म्हणजे १९६५ च्या त्याच मोजपट्टीच्या नियमांत हेही आहे: व्यक्ती काय करू शकेल ते नव्हे, प्रत्यक्षात काय करते ते नोंदवा.