रेड रिबन क्लब

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये एचआयव्ही-एड्सविषयी जागृती करण्यासाठी विद्यार्थ्यांनीच चालवायचे स्वयंसेवी मंडळ. ‘नाको’ म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेचा हा उपक्रम राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्था राबवतात. मुंबईसाठी स्वतंत्र संस्था आहे. क्लब बहुधा राष्ट्रीय सेवा योजनेला जोडलेला असतो. त्यामुळे एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडेच त्याचीही जबाबदारी येते आणि जिल्हा पातळीवर त्यांचा संबंध ‘डापकू’शी, म्हणजे जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथकाशी येतो.

भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत आढळली. तरुणांना याविषयी शाळेतच सांगावे म्हणून केंद्राने २००५ च्या सुमारास किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आणला. त्यातील चित्रे आणि मजकूर अश्लील असल्याची ओरड झाली आणि २००७ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी तो थांबवला. त्याच वर्षी १ डिसेंबरला एड्सची माहिती देणारी ‘रेड रिबन एक्सप्रेस’ दिल्लीहून देशाच्या फेरीवर निघाली, हा योगायोग मोठा बोलका आहे. शाळेत जे राहून गेले, ते सांगण्याचा भार पुढे महाविद्यालयातल्या क्लबवर आला.

क्लबचे ठळकपणे दिसणारे काम १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनाभोवती फिरते: प्रभातफेरी, पथनाट्य, पोस्टर आणि रांगोळी स्पर्धा, प्रश्नमंजूषा. छायाचित्रे निघतात, अहवाल जातो. खरा उपयोग होतो तो समुपदेशक वर्गात येऊन बसतो तेव्हा, आणि त्याहून अधिक नाव न लिहिता चिठ्ठी टाकण्याची प्रश्नपेटी उघडली जाते तेव्हा. ‘डास चावल्याने होतो का?’ इथपासून ‘कंडोम फाटला तर काय करायचे?’ इथपर्यंतचे प्रश्न रांगोळीत मावत नाहीत. कंडोमचा उल्लेख टाळून नुसते ‘संयम पाळा’ सांगणारे व्याख्यान तर त्यांच्या जवळपासही जात नाही.

अशा प्रश्नांची उत्तरे नेमकी आहेत. संसर्गाचा धोका घडून गेला असेल तर ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले, प्रतिबंधक औषधे सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. संसर्गानंतर सुरुवातीचे काही आठवडे चाचणीत तो दिसत नाही, म्हणून समुपदेशक पुन्हा तपासणीला बोलावतात. सरकारी रुग्णालयांतील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, तपासणी मोफत होते आणि निष्कर्ष गुप्त ठेवला जातो. १८ वर्षांखालील मुलांच्या तपासणीला पालकांची संमती लागते. अकरावी-बारावीतली मुले इथेच अडखळतात. १०९७ या टोल फ्री क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.

क्लबच्या प्रचारात एक बाजू बऱ्याचदा निसटते. जन्मतःच एचआयव्हीची लागण झालेली आणि २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागलेल्या एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणाऱ्या औषधांवर वाढलेली मुले आता महाविद्यालयांत शिकतात. नियमित औषधांनी विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. प्रवेशात किंवा वसतिगृहात भेदभाव करण्यास आणि संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करण्यास त्याने मनाई केली आहे. कवटी आणि हाडांची पोस्टरे भिंतीवर लावणाऱ्या क्लबांनी ही पोस्टरे वर्गातले असे विद्यार्थीही वाचतात, याचा विचार केलेला नसतो.