सायलेन्सरचं काळं अन् आजीचा गंज

आमच्या वऱ्हाडात गंज म्हणजे पातेलं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं दुसरा गंजही येणार आहे.

परवा शेतातून आल्यावर आमची जुनी डिझेल गाडी धुतली. सगळी चकाचक, पण सायलेन्सरचं टोक काळं ते काळंच. साबण झाला, निंबू झालं, चिंच झाली, बोटं काळी झाली अन् टोक जसंच्या तसं. चिंचेनं तांब्याचा गुंड चमकतो कारण त्यावरचा ऑक्साइड आंबटात विरघळतो, पण काजळी म्हणजे निव्वळ कार्बन, तो ना पाण्यात विरघळत ना चिंचेत.

1 किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. इंजिनात हवा असते भरपूर, पण डिझेल फवाऱ्यासारखं येतं अन् फवाऱ्याच्या मधोमध ती वेळेवर पोचतच नाही, मग तिथं इंधन अर्धवट जळून काजळीचे कण होतात, इतके बारीक की 30 हजार एका ओळीत लावले तर कुठं 1 मिलिमीटर भरावा. सुटी काजळी तर फडक्यानंही निघते हो. तिला धरून ठेवतं ते सोबत आलेलं अर्धजळकं तेल, जे गरम टोकावर भाजून भाजून डांबरासारखं होतं.

म्हणून कार्बनच्या नाही, त्या डिंकाच्या मागं लागायचं. गाडी पूर्ण गार होऊ द्या, रॉकेल नाहीतर थोडं डिझेल फडक्यावर घेऊन टोकाला 10-15 मिनिटं गुंडाळून ठेवा (बिडी दूर ठेवा बाप्पा), तेलात तेल विरघळतं, काजळीचा आधार सुटतो, मग साबणाचं पाणी.

आजी राखेनं घासायची. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेलकटपणा कापतं, अन् राखेची कच खरवडते. पण तीच कच क्रोमच्या पातळ मुलाम्यावर ओरखडे पाडते, तिथं नको. लोखंडी तारेची घासणी तर नकोच. स्टेनलेस स्टीलला त्यातल्या क्रोमियमचा अदृश्य पापुद्रा वाचवतो खरा, पण घासणीचे लोखंडी कण त्यावर रुतून बसतात अन् पावसाळ्यात तांबडे ठिपके येतात. हा दुसरा गंज.

आजी गंज चुलीवर ठेवायच्या आधी त्याच्या बुडाला ओली माती फासायची, काजळी मातीवर बसायची अन् मातीसोबतच निघायची. सायलेन्सरला हेच करता येतं, फक्त साधं मेण पॉलिश नको, पॉलिशमधलं कडक कार्नोबा मेणही 85 अंशांच्या आसपास वितळतं. चाकाच्या रिमसाठी उष्णता सोसणारं कोटिंग मिळतं, ते लावा.

अन् आठवड्यातच पुन्हा काळं झालं तर आधी एअर फिल्टर पाहा, तो तुंबला की हवाच कमी पडते. मी माझा काढून झटकला, तर पांदणीची अर्धी माती त्यातूनच पडली.